भाऊजींच्या स्कूटरचा ब्रेक

रविवार, ९ मार्च १९८६. भांडुप.

अक्षर नीट यावं म्हणून हळू लिहितोय.

भाऊजींच्या स्कूटरचा ब्रेक लागत नव्हता. पायाने दाबलं की पेडल पार खाली जायचं, लोण्यात रुतल्यासारखं. "शाळा तर सोडलीस, एवढं तरी जमतं का बघ रे," ते म्हणाले. नट आवळला, तरी तेच. वायर बाहेर ओढली तर आतल्या तारा तुटलेल्या, दोन-तीनच उरलेल्या.

डिकीत नवी वायर होती. पण तेवढ्यात ताई पाणी घेऊन आली आणि तिचा पदर सरकला. गळ्यावर बोटांचे निळे वळ. मी तुटकी वायरच परत घातली. त्यांच्या घरच्या वाटेवरचा आरे कॉलनीचा उतार डोळ्यांसमोर आला. बरं वाटलं. हो, बरंच वाटलं.

मग ताई पिशवी घेऊन खाली आली, त्यांच्याबरोबर घरी जायला. मागे तीच बसणार होती. मला हे आधी सुचलं कसं नाही?

घाईघाईने नवी वायर घातली. पेडल कडक झालं.

"चल गं, बस," भाऊजी म्हणाले.

"ताई येणार नाही."

त्यांनी माझ्या कानाखाली काढली. माझ्या हातात पाना होता, तो मी त्यांच्या तोंडावर मारला. ओठ फाटला, शर्ट रक्ताने भरला. ताई पिशवी उचलून जिना चढून गेली.

ते एकटेच निघाले. नाक्यावर बस आडवी आली. त्यांनी पेडल दाबलं आणि स्कूटर जागच्या जागी थांबली.

मला वाईट वाटलं. ती थांबली म्हणून.