'ख'वरचं टिंब

१ सप्टेंबर, सोमवार

कव्हर झालं! झालं एकदाचं! मान अवघडली, किती कप चहा गार झाला देव जाणे, पण झालं.

हरवलेल्या सामानाचं कार्यालय, त्याची खिडकी, आणि खिडकीमागे आमच्या गेममध्ये हरवणारी एकूण एक वस्तू — छत्र्या, हातमोजे, पोपटाचा रिकामा पिंजरा, व्हायोलिन, एक कवळीसुद्धा. सगळं तपकिरी, जुन्या फोटोसारखं. वर नाव : खंत. नाव धाकट्याचं. मी 'हरवले-सापडले' सुचवलं होतं, तर म्हणाला, "ताई, ती सरकारी पाटी झाली." राहू दे बापडं त्याचं.

गेम तो बांधतो, चित्रं मी काढते. एका खोलीत, पाठीला पाठ लावून दोन टेबलं. इतकी वर्षं झाली आणि भावाबहिणीने अजून एकमेकांचा गळा धरलेला नाही — खरं तर हेच कव्हरवर छापायला हवं.

२ सप्टेंबर, मंगळवार

धाकट्याने जेवताना सांगून टाकलं. एका मोठ्या कंपनीतून बोलावणं आलंय. दुसऱ्या शहरात. उत्तर महिनाअखेर द्यायचंय.

आई पाणी वाढत राहिली, भरलेल्या पेल्यातच. मग तोच म्हणाला, "आपण फोनवरच्या दुकानात गेमचं पान चढवू. महिनाअखेरपर्यंत पुरेशा लोकांनी 'हवा आहे' दाबलं तर मी राहतो. नाहीतर जातो." खोलीतल्या फळ्यावर आकडाही लिहिला. मी म्हटलं, चालेल. तोंडाने म्हणायला काय जातं!

म्हणजे आता सगळा भार कव्हरवर. फोनवरचं ते दुकान म्हणजे गेम्सची न संपणारी रांग, एकेकाचं कव्हर अंगठ्याच्या नखाएवढं. बघणाऱ्याचं बोट थांबलं तर थांबलं. नाहीतर आमचा गेम कितीही गोड असो, कोणाला कळणार आहे?

त्याने जाऊ नये. इथे लिहायला हरकत नाही, त्याला मी कध्धी सांगणार नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

सत्यानाश!

आईला फोनवर कव्हर दाखवलं. दुकानात दिसेल तेवढंच छोटं. तिने फोन लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाली, "खताचा गेम काढलात होय? बरं केलंत. ढीगही अगदी हुबेहूब आलाय हो!"

खत!!

फोन घेऊन पाहिलं. 'ख'वरचं टिंब पार गायब. एका छत्रीच्या टोकात विरघळून गेलेलं. उरलं ते 'खत', आणि त्याखाली माझा लाडका तपकिरी ढीग. एवढं राबून मी उकिरडा काढला!

धाकटा हसून हसून खुर्चीवरून घसरला. "ताई, शेणखत का गांडूळखत?" आईला काय चुकलं ते कळेना, पण तो हसतोय म्हणून तीही हसायला लागली. मला रडू येत होतं. मग कधी हसायला लागले तेच कळलं नाही. कित्येक महिन्यांत आम्ही तिघं असे हसलो नव्हतो.

डोळे पुसत तो फोन घेऊन गॅलरीत गेला, तो बराच वेळ आत आला नाही. मित्रांना सांगत असेल. सांग, सांग. बहिणीची अब्रू वेशीवर टांग.

५ सप्टेंबर, शुक्रवार

"नाव बदल," म्हटलं. नाही.

"इंग्रजी अक्षरांत लिहू?" — "लोक 'खांट' वाचतील, ताई."

हट्टी तो हट्टीच. लहानपणी एका चपलेवरून आख्खा बाजार फिरवला होता त्याने आईला.

८ सप्टेंबर, सोमवार

आईच्या नव्या चष्म्यासाठी चष्मेवाल्या काकांकडे गेलो. भिंतीवर तो अक्षरांचा तक्ता — वर मोठी अक्षरं, खाली मुंगीएवढी. आई तपासून झाली आणि मला एकदम सुचलं. पर्समध्ये कव्हरचे बारके छाप होते. काकांना विचारून तक्त्याच्या शेवटच्या ओळीखाली एक चिकटवला आणि स्वतः खुर्चीत बसले.

मी काढलेलं चित्र मलाच दिसेना!

काकांनी चष्मा वर करून पाहिलं. "डाग दिसतोय तपकिरी. चहा सांडला का?"

आधी खत, आता चहा. पण डोकं लख्ख झालं. मी एवढ्याशा जागेत संसार थाटायला निघाले होते. तिथे एकच वस्तू मावते. घरी येऊन पुसायला बसले. छत्र्या गेल्या, पिंजरा गेला, व्हायोलिन गेलं. कवळी काढताना मात्र जीव तुटला.

११ सप्टेंबर, गुरुवार

टिंब मोठं केलं. आई (नव्या चष्म्यातून) : "'ख'वर माशी बसलीये."

आणखी मोठं केलं. आई : "आता चेंडू."

हिला नवा चष्मा कोणी करून दिला!

१३ सप्टेंबर, शनिवार

धाकटा दिवसभर शीळ वाजवतोय. जायचा एवढा आनंद?

१५ सप्टेंबर, सोमवार

दुपारी स्वयंपाकघरात गेले तर टेबलावर धाकट्याचा ऑफिसचा शर्ट पसरलेला. निळा, कडक कॉलरचा, मुलाखतींना घालायचा तो. बाजूला सुई-दोऱ्याचा डबा, आईच्या हातात कात्री. म्हणजे हिने तयारी सुरू केलीसुद्धा!

"काय करतेस?"

"बटणं बघतेय," मान वर न करता म्हणाली.

मला भांडायचं होतं. लेक घर सोडून जायचाय आणि तू त्याची बटणं घट्ट करत बसलीस! शर्ट ओढून घ्यायला वाकले, तर टेबलावर माझा एक छाप पडलेला — नुसतं नाव, टिंब नसलेलं. आणि आईने एक बटण घरंगळू नये म्हणून त्यावर ठेवलेलं. नेमकं 'ख'च्या डोक्यावर.

खंत.

बटण! कोणाचं तरी तुटून पडलेलं, हरवलेल्या सामानाच्या खिडकीत येऊन पडलेलं, आणि मागायला कोणी न आलेलं बटण. हेच टिंब. हाच आमचा गेम!

मी आईला कडकडून मिठी मारली. ती ओरडली, "अगं, कात्री आहे हातात!"

१८ सप्टेंबर, गुरुवार

गडद निळा कोट. छातीवर बटणाच्या जागी तुटक्या दोऱ्याचं टोक. त्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत नाव, आणि टिंबाच्या जागी लालभडक बटण. बस. आणखी काही नाही. हात सारखा शिवशिवतोय — एक छत्री, निदान एक हातमोजा. हातावर बसून राहिलेय.

धाकट्याने पाहिलं. फोनवर छोटं केलं, मोठं केलं. मग म्हणाला, "मी दिलेलं नाव असं दिसेल असं मला वाटलंच नव्हतं." आणि लगेच, "पण कवळी छान होती हं."

२० सप्टेंबर, शनिवार

पुन्हा चष्मेवाले काका, पुन्हा तक्ता. मी श्वास रोखून.

"खंत," काका म्हणाले. "वर लाल बटण आहे." आणि पुढे वाकून, "कोणाचं पडलंय?"

मला एवढंच हवं होतं! कोणाचं पडलंय ते बघायलाच तर गेम खेळायचा. काकांनी छाप परत दिला नाही, गल्ल्याच्या काचेवर चिकटवला.

२२ सप्टेंबर, सोमवार

पान चढलं. रांगेत आजूबाजूला तलवारी, राक्षस, आगीचे लोळ. मध्ये आमचं बटण, गप्प. पण दिसतंय! आईने नव्या चष्म्याने शोधलं, जुन्याने शोधलं, चष्मा काढूनही शोधलं. दरवेळी सापडलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

एका अनोळखी बाईने पानाखाली लिहिलंय : "बटण पाहून थांबले. माझ्या कोटाचं असंच एक गेलंय, कुठे ते आठवत नाही. गेम कधी येतोय?"

चारदा वाचलं. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. फळ्यावरचा आकडा रोज जवळ येतोय. होईल. का नाही होणार?

२९ सप्टेंबर, सोमवार

नाही होत. लोक येतायत, चांगलं लिहितायत, पण फळ्यावरचा आकडा लांबच राहिला. उद्या शेवटचा दिवस.

वाईट वाटतंय, खूप. पण कव्हरबद्दल नाही. ते चांगलं झालंय, मला माहीत आहे. तो गेला तरी गेम मी पुरा करून घेईन, फोनवर भांडून का होईना. फळा पुसायला उठले होते. हात धजला नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

सकाळी मोरीपाशी फडकं शोधत होते. हाताला लागलं ते निळं, कडक कॉलरचं. एकही बटण नाही.

आई म्हणाली, "मग काय करू? त्याने त्या कंपनीला केव्हाच 'येत नाही' म्हणून कळवलंय. तू खत केलंस ना, त्याच दिवशी, गॅलरीतून. म्हणाला, असं हसायला तिथे कुठे मिळणार? तुला सांगायचं नव्हतं, घाई असली की तुझा हात चांगला चालतो म्हणे."

फडकं भिजवलं, पिळलं, आणि आधी फळा पुसला. मग दोन्ही टेबलं.