बावीस वर्षांचं नाक

३ फेब्रुवारी
बायकोच्या हट्टापायी नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. दुर्बीण घालून बघितलं. सायनसच्या वाटा पार बुजल्यात म्हणे. बारीक फुगा आत सरकवायचा, फुगवायचा, वाट रुंद झाली की काढून घ्यायचा. चिरफाड नाही, टाके नाहीत, संध्याकाळी घरी. वास येतो का, विचारलं. उत्तम, म्हटलं. बावीस वर्षं डेअरीच्या धक्क्यावर कॅनचं झाकण उचलून दूध हुंगतोय. पास की परत, हे माझं नाक ठरवतं. आणि हा माणूस त्यात फुगे फुगवणार!
संकल्प : रोज दोनदा वाफ. महिन्याभरात नाक टकाटक.

६ फेब्रुवारी
वाफ एकदा घेतली. चष्म्यानेच जास्त घेतली. उद्यापासून नियमित.

११ फेब्रुवारी, सकाळी ७
कॅन धुणाऱ्या मावशी माझ्या हातून झाकण घेतात, तोंडाजवळ धरतात, मग धुतात. डोळे कमजोर झाले असणार. आज मी पास केलेला कॅन त्यांनी बाजूला ओढला. जागा करायला असेल. घरी न्यायचा माझा लिटरही त्याच भरून देतात. चांगली बाई.

१५ फेब्रुवारी
भाजीचा कोळसा झाला. मी शेजारीच पेपर वाचत होतो. बायकोने विचारलं, वाससुद्धा आला नाही का? म्हटलं, मी दुधाचा माणूस, भाजीचा नाही. ती हसली नाही.
वाफेचं भांडं सापडत नाही.

१९ फेब्रुवारी
मावशी रजेवर. लेकीचं बाळंतपण. जाताना म्हणाल्या, दादा, नाकाचं तेवढं बघा. उगाच काळजी करतात.

२२ फेब्रुवारी
तीन दिवसांत एकही कॅन परत नाही. दुधाचा दर्जा सुधारलाय. शिवाय माझी पद्धत आहेच : ड्रायव्हरने नजर चुकवली तर संशय घ्यायचा. कोणीच चुकवत नाही. फुगा रद्द.

२३ फेब्रुवारी, सकाळी ९
आजचा लिटर माझ्या हाताने भरला. नात म्हणाली, दुधाला गाडीचा वास येतोय. लेक म्हणाली, राहू द्या बाबा. मी ग्लास हुंगून दाखवला. बावीस वर्षांचं नाक आहे, म्हटलं. नातीने माझ्याकडे बघत बघत सगळं संपवलं. गुणी पोर.

२३ फेब्रुवारी, दुपारी २
नातीच्या उलट्या थांबत नाहीत. आता खोकतेय. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंना दारातच वास आला. डिझेल. कोणीतरी त्या कॅनमधून डिझेल नेलं होतं. लेक माझ्याशी बोलत नाही.

२७ फेब्रुवारी
धोका टळला. मावशी भेटायला आल्या. वर्षभर माझ्यामागून प्रत्येक झाकण त्याच हुंगत होत्या. माझी नोकरी जाईल म्हणून बोलल्या नाहीत. त्या रडल्या. मला लाज वाटली. खूप.

१८ मार्च
फुगा घालून आठ दिवस झाले. सगळं मिळून तासाभराचं काम होतं. कालपासून वास येतोय, आधी साबणाचा आला. धक्क्यावर आता झाकण मावशी उचलतात, मी कॅन धुतो.
आज नातीचं दूध मी हुंगलं. खरंच हुंगलं. चांगलं होतं. तिने ग्लास घेतला, थँक यू आजोबा म्हणाली, आणि तो घेऊन स्वयंपाकघरात आजीकडे गेली. आजीने हुंगून मान डोलावल्यावर प्यायली.