पाच सामने, एकही हरकत नाही

५ जानेवारी, रविवार. सायंकाळी ७.१०
पहिला सामना झाला. मुलींची रोलर डर्बी, मारेगाव विरुद्ध मुकुटबन, बाजार समितीचं शेड. राज्याच्या पंच पॅनेलसाठी पाच सामन्यांच्या स्कोअरशीट लागतात. दोन्ही कॅप्टनच्या सह्या हव्यात, आणि एकाही शीटवर हरकत नोंदलेली नको. पहिली शीट तयार. हरकत नाही. सोळा पेनल्टी दिल्या, एकीनंही वाद घातला नाही. दरारा पहिल्याच दिवशी बसावा लागतो. बसला.

शेडमध्ये तूर सांडली होती. चाकाखाली एक दाणा आला तरी मुलगी सरळ पत्र्यावर जाऊन आदळते. हमालाला झाडायला सांगितलं तर म्हणाला, मॅडम, तूर आहे, काचा थोडीच आहे. मीच झाडलं. सामना चाळीस मिनिटं उशिरा. रागावले नाही. फक्त त्याला दोनदा समजावलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

खेळ माइकवरून तीनदा समजावला. हेल्मेटवर चांदणीची टोपी घातलेली ती जॅमर. ती समोरच्या टीमच्या जितक्या जणींना मागे टाकेल तितके गुण. बाकीच्यांनी तिला खांद्यानं, कमरेनं अडवायचं, कोपरानं नाही. तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर पहिल्या रांगेतल्या शकुबाईंनी विचारलं, मंग चेंडू कवा आणता?

६ जानेवारी, सोमवार
ऑफिस. अठरा वीजमीटर तपासले, तीन परत. एक टक्क्यावर चूक दाखवणारं मीटर मी ठेवत नाही. मीटर असं कधी म्हणत नाही, की जाऊ द्या ना मॅडम.

१२ जानेवारी, रविवार
दुसरा सामना. पेनल्टी तेवीस. हरकत नाही.
मुकुटबनची कॅप्टन पुष्पा हिला कोपरासाठी तीस सेकंद बाहेर बसवलं. म्हणे, मॅडम, कोपर माह्या जागेवरच होता, तिनंच बरगडी आणून लावली. हा युक्तिवाद नियमपुस्तकात नाही. मारेगावची कॅप्टन निकिता मैत्रिणीला सांगत होती, की मॅडमनं शिट्टी तोंडातून काढली तरी वाजत राह्यते. ऐकू आलं. सोडून दिलं. (पुढच्या जॅममध्ये, म्हणजे दोन मिनिटांच्या डावात, तिला दोन पेनल्टी. दोन्ही नियमात बसणाऱ्या.)

निघताना बघितलं, दोन्ही टीम शेडसमोरच्या चहाच्या टपरीवर वामनरावांभोवती बसलेल्या. वामनरावांकडे शेडच्या किल्ल्या असतात. पूर्वी ते तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. बांधाचे, पाण्याचे, नवरा-बायकोचे वाद मिटवायचे. ते कागदावर काही लिहीत होते, मुली बोटांवर मोजून सांगत होत्या. माझ्या निर्णयांचा अभ्यास चालला असावा. चांगलं लक्षण आहे.

संकल्प: आवाज चढवायचा नाही.

१९ जानेवारी, रविवार
तिसरा. मारेगाव ६१, मुकुटबन ५८. पेनल्टी सत्तावीस. हरकत नाही. आवाज एकदाच चढला, तोही माइक बंद होता म्हणून.

२१ जानेवारी, मंगळवार. दुपारी १.२०
लॅबमधला गोविंदा डबा खाताना म्हणाला, परवा मारेगाव दोन पॉइंटनं हरलं म्हणे. मी म्हटलं, मारेगाव तीननं जिंकलं, शीट माझ्याकडे आहे. तो म्हणाला, असंन मॅडम, पण वामनरावच्या कागदावर हरलं.

सायंकाळी ६.४५
वामनरावांकडे गेले. तीनही सामन्यांचे कागद त्यांच्याकडे. सामन्यानंतर दोन्हीकडच्या मुली बसतात, कोणी कुणाला खरंच मागे टाकलं ते आपापल्या तोंडानं सांगतात, दोघींना कबूल होईल तेवढंच लिहायचं. मी म्हटलं, गुण म्हणजे शेताचा बांध नाही, थोडा इकडे थोडा तिकडे सरकवायला. ते म्हणाले, सरकवत नाही बेटा, पोरी कबूल करतेत. मी विचारलं, मग माझ्या शीटवर हरकत का घेत नाहीत? म्हणाले, तुले ते पॅनल पाह्यजे ना, म्हणून पोरींनीच ठरवलं, मॅडमच्या कागदाले हात लावाचा नाही. तू कायले तापून राह्यली, चहा घे.
चहा घेतला नाही. अर्धा घेतला.

शांतपणे विचार केला. माझ्या कागदाला कोणी हात लावत नाही. याचा अर्थ माझा अधिकार मान्य आहे. बाकी टपरीवरच्या गप्पा.
राग नाही. पेनचं टोपण चावून तुटलं, ते आधीच तडकलेलं होतं.

१ फेब्रुवारी, शनिवार
शेडच्या दारावर नोटीस लावली: सामन्यानंतर गुणांविषयी चर्चा करू नये.

२ फेब्रुवारी, रविवार
चौथा. नोटिशीखाली कोणीतरी पेननं लिहिलंय: चहाविषयी चालेल काय?

पेनल्टी एकतीस. एका वेळी ट्रॅकवर दोन्हीकडच्या मिळून चौघीच उरल्या, बाकीच्या बाहेर खुर्च्यांवर, आणि खुर्च्या कमी पडल्या. शकुबाई म्हणाल्या, हे तं संगीत खुर्ची झाली. दुसऱ्या टीमच्या जॅमरवर लक्ष ठेवणारे पंच राजकुमार सर हसले. ब्रेकमध्ये त्यांना पंचानं कसं वागायचं ते सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही पोरींकडे कमी आन् पब्लिककडे जास्त पाहता. सर शाळेत पीटी शिकवतात. निरीक्षणाचं प्रशिक्षण नाही.
हरकत नाही. चार झाल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ६.३०
आज शेवटचा. नागपूरहून निरीक्षक मॅडम येणार, स्टँडवर कॅमेरा लावून पूर्ण सामना रेकॉर्ड करणार. उत्तम. इतके दिवस माझ्या कामाचा पुरावा फक्त माझ्याकडे होता.

सायंकाळी ८.००
थोडक्यात लिहिते.

शेवटचा जॅम. मी मारेगावची जॅमर निकिता हिच्या मागे, स्केट्सवर, आतल्या बाजूनं. शकुबाई उभ्या राहून ओरडत होत्या. त्यांना खाली बसायची खूण केली. पाच सेकंद. फार तर सात. त्यात निकितानं आपली चांदणीची टोपी काढून, हेल्मेटवर पट्टीची टोपी असलेल्या तिच्याच टीममधल्या मुलीला दिली. हे नियमात बसतं. त्यानंतर गुण त्या मुलीचे मोजायचे. मी निकिताचेच मोजत राहिले. निकिता वळून सांगत होती, मॅडम, मी नाही, थे पाहा, थे. पंचाशी बोलल्याबद्दल मी तिला ताकीद दिली.

माझी शीट: मारेगाव ७२, मुकुटबन ७०. निरीक्षक मॅडमनी विचारलं, हरकत आहे? पुष्पाकडे बघितलं. ती हरलेली. म्हणाली, नाही. निकिता पण नाही म्हणाली. दोघींनी सही केली. मग मॅडमनी व्हिडिओ लावला. मारेगाव ६८.
मी कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितलं. नाही म्हणाल्या.

तेवढ्यात टपरीवरून वामनरावांचा कागद आला. मुकुटबन ७०, मारेगाव ६८. हरल्याचं निकितानंच लिहायला सांगितलं होतं. निरीक्षक मॅडमनी मग राजकुमार सरांच्या मोबाइलवरचा, त्यांच्या विद्यार्थ्यानं चित्रित केलेला तिसरा सामना काढला आणि वामनरावांचा कागद शेजारी ठेवून मोजला. जुळला. माझी शीट पाच गुणांनी चुकलेली.
मी पुष्पाला बाजूला घेऊन विचारलं, जिंकली होतीस तर हरकत काहून नाही घेतली? (घाईत तिच्यासारखंच बोलले.) ती म्हणाली, आमाले समजलं होतं ना कोण जिंकलं. तुमाले पॅनल भेटलं असतं तं काय बिघडलं असतं.
मी रागावले. कोणावर, ते लिहायचं राहू दे.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३.४०
पॅनेलकडून मेलवर पत्र आलं. माझ्या पाचही शीट रद्द. निकाल वामनरावांच्या कागदांप्रमाणे. पॅनेलसाठी शिफारस नाही. रेकॉर्ड पूर्ण करण्यासाठी त्या पाच कागदांवर पंचाची सही घेऊन पाठवावी.

कागद घेऊन वामनरावांच्या ओट्यावर बसले. कागद म्हणजे तंटामुक्तीचे जुने छापील फॉर्म आहेत. वादीच्या जागी पुष्पा, प्रतिवादीच्या जागी निकिता, खाली अध्यक्ष. पंचाला जागाच नाही. मी तसं म्हटलं. वामनराव म्हणाले, हे काय बेटा, साक्षीदार आहे ना, साक्षीदाराबिगर कागद कच्चा राह्यते.

साक्षीदाराच्या सहीवर एक छापील ओळ आहे: घटना स्वतः पाहिली आहे काय? होय / नाही. नको ते खोडावे.

चार कागदांवर 'नाही' खोडलं. पाचव्यावर, त्या सात सेकंदांच्या सामन्याच्या कागदावर, पेन 'नाही'वर टेकवलं, पुन्हा उचललं.
मग 'होय' खोडलं.