ढकलणाऱ्यांचं मत

४ सप्टेंबर

ती. दादा, ताई आणि भाऊ,

तिघांना एकाच कागदावर शि. सा. न., कारण टपालाची पिशवी इथून आठवड्यातून एकदाच खाली जाते. वि. वि.

आपण चौघं एकाच घरातली, आणि चौघांची एक तक्रार सारखी आहे: बिघडलेल्या वस्तूंनी आपल्याला आयुष्यभर नागवलंय. ताईच्या शिलाई मशीनला नुसता पट्टा हवा होता, दुकानदाराने अख्खं मशीन गळ्यात मारलं. भाऊच्या फ्रिजचं दार लागेना, तर हे मॉडेल आता निघत नाही असं उत्तर आलं. दादा, तुझ्या चष्म्याच्या दुकानातलं डोळे तपासायचं यंत्र परवान्याची मुदत संपली म्हणून भर गर्दीत डोळे मिटून बसलं. विकताना ही माणसं पाय धरतात, बिघडल्यावर फोनसुद्धा धरत नाहीत. फरक एवढाच, की तुमच्याकडे यंत्र बंद पडलं तर खोळंबा होतो. माझ्याकडे बंद पडलं तर माणूस अडकतं.

दवाखान्याचा जुना ट्रक परवा कायमचा बसला. इथून इस्पितळ अडुसष्ट किलोमीटर, गॅरेज त्याच्याही पुढे. वीस ऑक्टोबरला बस बंद होईल. पुढचे चार महिने वर कुणी येत नाही आणि खाली जायचं ते आपल्याच चाकांवर. या थंडीत तीन बायका बाळंत व्हायच्या आहेत. त्यातली सुताराची सून पहिलटकरीण आहे, आणि तिचा रक्तदाब मला आवडत नाही. नर्स म्हणून मी पुष्कळ काही करते, पण पोट उघडू शकत नाही.

तेव्हा बाबांच्या छापखान्याच्या ठेवीतून एक ट्रक घ्यावा अशी माझी मागणी आहे. चौघांपैकी तीन सह्या लागतात हा बाबांचा नियम मला पाठ आहे. मला देखणा ट्रक नको. तारा कमी, स्प्रिंगांचे पाटे जाड, डिझेलचा पंप साधा, आणि टायर कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याकडे मिळतील असे. खिडकीची काच हाताने खालीवर झाली तरी चालेल. बटणाने खाली गेलेली काच वर आली नाही, तर या थंडीत पेशंट माझ्या उपचाराआधीच गार होईल.

मामांनाही लिहिलंय. चाळीस वर्षं लॉरी चालवलेला माणूस घरात असताना आपण जाहिराती वाचायच्या, हे बरं दिसत नाही.

माझ्यावरचा लोभ कागदावर उतरवून सहीसकट पाठवा.

तुमची धाकटी

१३ सप्टेंबर

चि. तोफेस,

अ. आ. शाळेत वादविवादाच्या ढाली आणायचीस तेव्हापासून तुला हे नाव पडलंय, आणि तुझं पत्र वाचून वाटलं, दारूगोळा अजून कोरडा आहे. तिन्ही घरांत एकदम धडाका झाला. तुझी वहिनी म्हणाली, हिला वेळेवर एखाद्या गॅरेजवाल्याच्या घरात द्यायला हवी होती.

आनंदाची बातमी आधी. मी, ताई आणि भाऊ मिळून शोरूमला जाऊन आलो. तिथल्या विक्रेत्याचा टाय त्याच्या गुडघ्यापर्यंत आला असता, पण माणूस मोठा विद्वान. त्याने दाखवलेला ट्रक तुझ्या स्वप्नातही आला नसेल. दार उघडलं की आतली बाई नमस्कार करते. टायरमध्ये हवा कमी झाली तर सांगते, डुलकी लागली तर उठवते, मागे कुणी उभं असेल तर ओरडते. ताईला गाडीतल्या हवेच्या उशा फार पसंत पडल्या. भाऊ बैठकीवर बसला तो उतरेचना. मी गुणी माणसासारखा प्रश्न विचारला, की डोंगरात बिघडला तर? विद्वान हसला आणि म्हणाला, की साहेब, हा बिघडतच नाही.

तीन सह्या झाल्या. मी ट्रक सांगून ठेवलाय, पाच आठवड्यांत मिळेल. मामा मात्र कुठल्याशा लाकडाच्या वखारीतलं बावीस वर्षांचं धूड बघून आलेत. त्यांच्या वयाला मान देऊन आम्ही ऐकून घेतलं. बहिणीला भंगार दिलं असं लोकांनी म्हणावं का, हा भाऊचा प्रश्न, आणि मला तो पटतो.

आता तोफेला गवसणी घाल आणि थोडी खूश हो. आशीर्वाद नेहमीचेच, वर ट्रक.

दादा

१६ सप्टेंबर

चि. भाचीस,

आशीर्वाद. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

तू सांगितलंस म्हणून वखारीतला ट्रक पाहिला. माझी पद्धत तुला ठाऊक आहे, आधी इंजिन बघत नाही, पान्यांची पेटी मागतो. इंजिन कुणीही पुसून ठेवतो. पेटी पुसायचं कुणाला सुचत नाही. पेटीतले सगळे पाने जवळपास कोरे, फक्त चौदा नंबरचा तोंडाशी झिजलेला. मग चौदाचा नट शोधत फिरलो, तो पाण्याच्या पंपाला सापडला. वखारवाला सांगत होता की गाडीला आजवर काही झालेलं नाही. मी त्याला पाना दाखवून म्हटलं, की पंप निदान तीनदा उतरवलाय. तो हसला आणि चारदा म्हणाला.

म्हणजे एकच दुखणं, आणि ते ठाऊक असलेलं. दोन पंप जादा घेऊन ठेवू. काढून बसवायला तुला अडीच तास लागतील, मला दीड. शोरूममधला दुसरा ट्रकही बघून आलो, त्याचं विचारशील तर त्याचं झाकण उघडल्यावर आत आणखी एक झाकण होतं, आणि ते उघडायला विक्रेत्याकडेही परवानगी नव्हती. पेटी मागितली तर त्याने पुस्तक दिलं.

जुन्याच्या उणिवाही लिहितो, नाहीतर मी दलाल ठरेन. स्टिअरिंग जड आहे, दंड भरून येतील. चढावर धूर ओकतो. हीटर नावाला. आवाज इतका, की शेजारच्याशी भांडता येत नाही. वखारवाला पंधरा ऑक्टोबरपर्यंत थांबेल, त्यानंतर वीटभट्टीवाला टपलेलाच आहे.

तुझ्या दादाला मी काही बोललो नाही. त्याला चष्म्यातलं कळतं.

मामा

२३ सप्टेंबर

ती. दादास,

शि. सा. न. तुझी भेट वाचली. आतली बाई नमस्कार करते हे वाचून बरं वाटलं. इथे पेशंट नमस्कार करायच्या अवस्थेत नसतात, त्यांच्या वतीने कुणीतरी केलेला चांगला.

तुमच्या तीन मतांबद्दल एक विचारते. तू गॅरेजपासून दोन गल्ल्या लांब राहतोस. ताईच्या इमारतीखालीच पंक्चरवाला बसतो. भाऊला गाडी बंद पडल्याचं कळतं ते ड्रायव्हरने फोन केल्यावर. नदीकाठी राहणाऱ्यांनी विहीर किती खोल खणायची हे ठरवावं, तसं हे झालं. ज्याला गाडी ढकलायची आहे त्याचं मत एक, आणि ज्यांना तिचं कौतुक करायचं आहे त्यांची तीन. बाबांच्या नियमात एवढी एक फट राहिली. आता त्या फटीतून ट्रक शिरतोय.

गेल्या फेब्रुवारीत मी तुला लिहिलं होतं, की रस्ता खराब होता आणि मी थकले आहे. ते पत्र अपुरं होतं. त्या दिवशी आपला ट्रक रुसला होता, म्हणून रस्त्याच्या कंत्राटदाराचा नवाकोरा ट्रक मागून घेतला. तुझ्या विद्वानाच्या ट्रकचाच भाऊबंद. मागच्या हौद्यात गादी, गादीवर गवंड्याची बायको, शेजारी मी. बाराव्या किलोमीटरला समोर पिवळा दिवा लागला. इंजिन चांगलं होतं, डिझेल भरपूर होतं. धुराड्यातली कुठलीशी नळी मळली असावी अशी ट्रकला शंका आली होती, आणि शंका आली की वेग वीसच्या वर जाऊ द्यायचा नाही असं त्याला शिकवलेलं होतं. ड्रायव्हरने बंद करून चालू केला, हात जोडले, शिव्या दिल्या. ट्रक आपल्या तत्त्वाला धरून राहिला. बाळ बत्तिसाव्या किलोमीटरला जन्मलं आणि रडलं नाही. मी पुढचे वीस किलोमीटर त्याला श्वास देत होते. मग थांबले.

इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की तासभर आधी पोचला असता तर. कंत्राटदाराने कंपनीला कळवलं. कंपनीने उत्तर दिलं, की ट्रक ठरल्याप्रमाणेच वागला.

त्यातला विनोद मला सात महिन्यांनीही सापडलेला नाही, एरवी मी शोधून काढते.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, ट्रकवर ठेव. तुझ्या विद्वानाला सांग, की त्यांच्या दाखवायच्या ट्रकमधून तुला माझ्या दारापर्यंत आणून सोड. आलास तर मी गप्प बसेन, आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदा कबूल करते आहे.

वहिनीला नमस्कार. तिला म्हणावं, गॅरेजवाल्याचं स्थळ अजून असेल तर कळव.

धाकटी

५ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

अ. आ. पाय उशीवर ठेवून लिहितोय. ताईला आणि भाऊला हेच पत्र नक्कल करून पाठवतोय, त्यामुळे तुला ठाऊक असलेलंही यात येईल.

आम्ही मोठ्या थाटात निघालो. विद्वान चालवत होता, मी शेजारी, आतली बाई अखंड बोलत होती. तुझ्या घराच्या अलीकडे नऊ किलोमीटरवर एक ओढा लागला. पाणी पोटरीएवढं. पार झालो, आणि बाई म्हणाली, की मागचं दार उघडं आहे. विद्वान उतरला, दार आपटून आला. बाई म्हणाली, उघडं आहे. असं अकरा वेळा झालं. शेवटी विद्वान स्वतः दाराला पाठ लावून उभा राहिला आणि मी चालवायला बसलो, तर बाईने मला पट्टा लावायला सांगितलं, तो लावल्यावर पुन्हा दाराचं काढलं आणि इंजिन बंद केलं. फोनला रेंज नाही. पडद्यावर मात्र दिसत होतं, की जवळचं सेवाकेंद्र दोनशे तेरा किलोमीटरवर असून आज बंद आहे.

मग सरपणाची एक जुनी लॉरी आली. तिच्या ड्रायव्हरने साखळी बांधली, ओढली, आणि चाकं जागची हलेनात. हातब्रेक बटणाचा. तो सुटायला वीज लागते, आणि वीज द्यायची की नाही हे बाई ठरवते, आणि बाईला दार उघडं दिसत होतं. लॉरीवाल्याने मला विचारलं, की हा विकत घेतलाय का. मी नाही म्हणालो. खोटं होतं. लॉरी दुसऱ्या फाट्याला गेली आणि मी नऊ किलोमीटर दुकानातल्या बुटांनी चालत आलो. विद्वान ट्रक राखायला थांबला. त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच मला माणूस दिसला.

तू दार उघडलंस, पाय धुतलेस, फोड फोडले, पट्ट्या बांधल्या. चकार शब्द बोलली नाहीस. त्यापेक्षा तुझं भाषण परवडलं असतं. आणि त्या दिवशी तपासून घ्यायला आलेली सुताराची सून, सातवा महिना, माझी अवस्था बघून स्वतःचं स्टूल मला देऊन उभी राहिली. त्या स्टुलावर मी जितका लहान झालो तितका बाबांच्या छडीनेही झालो नव्हतो.

घरी आल्यावर तुझं फेब्रुवारीचं पत्र शोधून काढलं. रस्ता खराब, मी थकले आहे. त्याला मी काय उत्तर लिहिलं होतं ते आठवलं. तुला विश्रांतीची गरज आहे आणि लोणीबिणी खात जा, असं. मला क्षमा कर.

सांगून ठेवलेला ट्रक मी रद्द करायला गेलो, तर कळलं की त्यालाही तिघांच्या सह्या हव्यात. मी माझं मत फिरवलं, म्हणजे आता दोन विरुद्ध दोन. ताई रडते आहे. तुला बावीस वर्षांच्या लोखंडात डोंगरातून जाताना कल्पनेत बघितलं तरी तिची झोप उडते. भाऊ म्हणतो, दाराची चूक किरकोळ आहे, कंपनी इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवणार आहे, हवेतून. मी त्याला म्हटलं, हवा तिथवर पोचत नाही. तो म्हणाला, मी भावनेच्या भरात आहे.

माझ्याच्याने होत नाही. गवसणी काढ. मोठा भाऊ म्हणून आजवर आशीर्वाद दिले, या वेळी मागतो आहे.

दादा

१० ऑक्टोबर

ती. ताई आणि भाऊ (दादा आणि मामांनी मोठ्याने वाचून दाखवावं),

शि. सा. न. पिशवीची वाट न बघता बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे.

ताई, तुझी भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. जुन्या ट्रकला उशा नाहीत. उलटला तर लागेल. पण तू माझ्या उलटण्याला भितेस, आणि मी थांबण्याला भिते. माझ्या अठरा वर्षांत या रस्त्यावर एकही गाडी उलटलेली नाही. थांबलेल्या मोजायच्या झाल्या तर मला वही लागेल. तुझी माया मला हवी आहे, पण ती त्या ट्रकच्या किमतीत मोजू नकोस.

भाऊ, लोक काय म्हणतील हे तू विचारलंस. इथले लोक म्हणतील, की आला. एवढंच म्हणतील, आणि दिवा घेऊन बाहेर येतील. बहिणीला नवं दिल्याचा मान तुला तिकडे मिळेल, इकडे तो मान कुणीतरी खांद्यावर घेऊन नऊ किलोमीटर चालेल. दुरुस्ती हवेतून येते असं तुला सांगणाऱ्याला विचार, की त्याच्या स्वतःच्या लेकीच्या कळा किती वेळ थांबवून ठेवता येतात. त्याने आकडा सांगितला, तर मी तुझ्या बाजूने सही करते.

मी तुम्हाला माझ्या बाजूने मत द्या असं सांगत नाही. बोलून जिंकायचं तर मी शाळेतच जिंकले असते आणि तुम्ही टाळ्या वाजवून आपापल्या घरी गेला असता. सुताराच्या सुनेचा रक्तदाब काल आणखी वर गेला. तिच्या सासूने मला विचारलं, की ट्रक कधी येणार. मी तिला, माझ्या भावंडांचं ठरतंय, असं सांगितलं. तिला ते कळलं नाही. मलाही सांगताना कळलं नाही.

तेव्हा एकच मागते. पंधरा तारखेला, रविवारी, सकाळी नऊ वाजता दोघंही वखारीत या. मामा तिथे असतील. त्या ट्रकचा डिझेल फिल्टर ताई, तू तुझ्या हाताने काढ, भाऊ, तू नवा बसव. मग दोघांनी मिळून हातपंपाने आतली हवा काढा आणि ट्रक चालू करा. मामा फक्त तोंडाने सांगतील, हात लावणार नाहीत. तुम्ही दोघांनी आयुष्यात कधी नट फिरवलेला नाही, म्हणूनच तुम्ही हवे आहात. तुम्हाला जमलं तर ते मला, सुताराला, गवंड्याला, त्या रस्त्यावर थांबलेल्या कुणालाही जमेल. नाही जमलं तर मला तसं लिहा, मी निमूटपणे तुमचा ट्रक घेईन.

तिथून पुढे शोरूमला जा, आणि तिथल्या ट्रकचंही तेवढंच करून बघा.

ज्या ट्रकवर तुमचे हात काळे होतील, त्याच हातांनी त्याच दिवशी सही करा. डाग पडला तरी बाबा रागावणार नाहीत, ते छापखान्याचे होते. वीस तारखेला शेवटची बस सुटायच्या आत मामांना ट्रक घेऊन वर यायचं आहे.

रविवारी, नऊ वाजता. जुने कपडे घालून या.

तुमची धाकटी