फुकट वकिलाचा खर्च

११ जाने., रवि.

आणि आईचं आपलं एकच, वकील देवमाणूस आहे. देवमाणूस मग पैसे कशाला मागतो? कोर्टानेच दिलाय तो. संद्याकडे वकील करायला दमडी नाही म्हणूनच दिलाय. मागच्या रविवारी हेच सांगितलं, आज परत. म्हणते, फी कुठे मागतो रे, खर्च मागतो. झेरॉक्स, टायपिंग, पेट्रोल. आधी दोन हजार घेतले, आता जामिनाच्या अर्जाला आठ.

चोरीची मोटरसायकल गॅरेजात आणणारा मोकळा, आणि पाना हातात होता म्हणून माझा धाकटा भाऊ संद्या अडीच महिने आत.

नेट संपलं, भांडण अर्धं राहिलं. इथे दुबईत कॅम्पच्या खोलीत सहाजण, मराठी दुसरा एक नाही. उरलेलं भांडण वहीत.

१४ जाने., बुध.

सकाळी धुकं. कंपनीची बस जबल अलीच्या रस्त्यात तासभर उभी. धुक्याचा उशीरपण पगारातून कापतात.

संक्रांत आहे हे ध्यानातच नव्हतं. अकाउंट्सच्या मॅडम, पुण्याच्या, डबा घेऊन गोडाऊनमध्ये आल्या. तिळाच्या वड्या. मराठी ऐकलं आणि मी बोलतच सुटलो, संद्याचं सगळं सांगितलं. म्हणाल्या, तुरुंगातल्या माणसाला कोर्टाचा वकील फुकट असतो, घरचे कितीही कमवू देत. वकिलाचे पैसे सरकार देतं. कोर्टातच विधी सेवेचं ऑफिस असतं, तिथे तक्रारीचा अर्ज द्या. अर्ज त्यांनीच मोबाईलवर लिहून दिला. जाताना विचारलं, आधी दोन आणि मग एकदम आठ, असं का?

माहीत नाही म्हटलं. वडी दाताला चिकटली होती.

१८ जाने., रवि.

आईला अर्ज वाचून दाखवला. घाबरली. त्याच्यावर कागद दिला तर तो संद्याला वाऱ्यावर सोडेल म्हणे. मग विचारलं, मी दुबईला आहे हे त्याला कुणी सांगितलं? मीच, म्हणाली, त्यात लपवायचं काय. तुझा फोटोपण दाखवला.

तोच. पांढऱ्या गाडीला टेकून, गॉगल लावून. गाडी कुणाची देव जाणे, मॉलच्या पार्किंगमध्ये उभी होती. कंपनीने दिली, सुपरवायझर झालो, असं तिला मीच सांगितलेलं. तेव्हा रास अल खैमाला टाइल्सची खोकी उचलत होतो. आता इथे खोक्यांना प्लास्टिक गुंडाळतो. महिना बाराशे दिरहम.

वकील फोटो बघून म्हणाला, "मावशी, मग तुम्हाला कसली काळजी?"

दोनाचे आठ तिथेच झाले.

१९ जाने., सोम.

आज तारीख. पैसे मुद्दाम पाठवले नाहीत. म्हटलं, बघू वकील येतो का.

जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन. आला नाही. जजसाहेबांनी विचारलं, वकील कुठे आहेत. संद्या पोलिसाच्या बाजूला उभा, आईकडे बघत होता. आईने मान खाली घातली. पुढची तारीख ९ फेब्रुवारी.

तीन आठवडे. माझ्या हट्टाचे, भोगायचे त्याने.

फोरमन यल्ला यल्ला, म्हणजे आटपा आटपा, करत होता. खोक्यांच्या एकाच पॅलेटला दोनदा प्लास्टिक गुंडाळलं.

२५ जाने., रवि.

तिकडे लांब रुवैसच्या रिफायनरीत दोन महिन्यांचं काम निघालंय, ओव्हरटाइम चांगला. जातो म्हटलं. बाजूच्या खाटेवरचा बिहारी हसला. "तू कहीं टिकता भी है?" बरोबर आहे त्याचं. पण इथली कंपनी सोडायला तयार नाही. कॅम्पच्या फाटकापर्यंत चालत गेलो. पुढे नुसते ट्रक. परत आलो.

शुक्रवारी मॅडमना विचारलेलं, वकील बदलून मिळतो का. मिळतो, अर्ज करा, वेळ लागेल. किती? ते त्यांना माहीत नाही. त्यांना घरून फोन आला, मुलीशी बोलत निघून गेल्या.

संद्या आत काय करत असेल रविवारी

१ फेब्रु., रवि.

आईला खरं सांगून टाकलं. गाडी माझी नाही. सुपरवायझर नाही. बाराशे म्हणजे एकोणतीस हजार, जेवण आणि फोन जाऊन उरतं ते सगळं तुलाच येतं. वाटलं रडेल. मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, जेवतोस ना नीट?

मी म्हटलं, आता तसंच जाऊन वकिलाला सांग. पोरगा हमाल आहे म्हणावं. आणि अर्ज दे.

"त्याला नको सांगायला. साहेबाचा भाऊ म्हणून तरी तो उभा राहील. हमालाच्या भावासाठी कोण उभं राहतंय?"

फोन ठेवला. आठ दिवस उत्तर शोधतोय असं वाटतंय, एकच तास झालाय.

८ फेब्रु., रवि.

उद्या तारीख. वकिलाचा आईला निरोप आला, पैसे जमा झाले की सकाळी अकराला कोर्टात हजर.

अर्ज मोबाईलमध्ये आहे. पुसला नाही. संद्या सुटल्यावर देईन. किंवा हा उद्यापण आला नाही तर. मॅडमना यातलं काही सांगणार नाही, त्यांनी एवढा लिहून दिला.

गाडीचा फोटो मात्र आईने मोबाईलमधून काढून टाकला नाही. मीपण काढ म्हटलं नाही.

पैसे पाठवायच्या दुकानात मोठी रांग. काउंटरवरचा दरवेळी विचारतो, पैसे कशासाठी. घरखर्च, म्हटलं. त्याने तेच टाइप केलं.

आठ हजार, वर थोडे आईच्या चहापाण्याला. तीनशे तीस दिरहम.