आचारी नको

प्रिय तेजू,

फोनवर तू माझं बोलणं मधेच तोडतेस, म्हणून लिहायला बसलोय. डाळ शिजतेय, तोवर वेळ आहे.

मागल्या वर्षी तुझी आई गोठ्यात घसरली, मनगट मोडलं आणि स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. पुढे प्लास्टर निघालं, तिचा हात बरा झाला, पण मी जागा सोडली नाही. नारायणगाव डेपोत जन्मभर एसटी चालवली. गाडी जिथे मुक्कामी गेली तिथलं खाल्लं आणि दर वेळी वाटलं, हे घरी करून बघावं. निवृत्त झाल्यावर त्याला मोकळा झालो. अडचण एकच, खाणारी तुझी आई.

तिला तू ओळखतेसच. बाजरीची भाकरी, मेथी, मसाल्याचं वांगं. यापलीकडचं काही दिसलं की ताट बोटभर लांब सरकवते. नारळाच्या दुधात भाज्या शिजवल्या, तर म्हणाली, "पथ्याचं केलंय का आज?" मश्रूम आणले, तर "कुत्र्याच्या छत्र्या मी खात न्हाई." मोमो उकडले, तेव्हा ओझरच्या गणपतीचे मोदक बिघडले का, असं विचारलं. मी चिडलो नाही असं नाही. एकदा तिच्या पुढची वाटी उचलून कुत्र्याला घातली. तिने शांतपणे लोणच्याशी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नवीन काहीतरी केलंच. हट्ट करायला ती एकटीच आहे का?

थंडीत अंगणातल्या द्राक्षवेलाला कच्चे, आंबट मणी धरले होते. ते ठेचून, गूळ, लसूण आणि शेंगदाण्याचं कूट घालून आमटी केली. तिने बोट बुडवून चाखली. मग दुसरी भाकरी घेतली आणि त्यात कुस्करली. मी पाठ फिरवून भांडी लावत राहिलो. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतोय हे कळलं असतं, तर तिने तिथेच हात धुतला असता. त्या दिवशी मला जे वाटलं, ते निवृत्तीच्या सत्कारातही वाटलं नव्हतं.

गावाला हसायला विषय मिळालाय, हे मला माहीत आहे. पारावर गेणभाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "कुंडलिकराव, आता लुगडं कधी नेसताय?" मी म्हटलं, "आधी जेवायला ये, मग ठरवू." तो आला, पोटभर जेवला आणि जाताना बायकोसाठी डबा मागून नेला. अजून हसतो, पण डबा घेऊन हसतो.

आता मुद्द्याचं. परवा तू आईला फोन केलास. रविवारी मंचरहून ऋषीचे आईवडील तुमच्या लग्नाचं बोलायला पहिल्यांदा आपल्याकडे येणार, तर आचारी बोलवा आणि आण्णांना बाहेर पाहुण्यांत बसू द्या, चुलीपाशी दिसले तर बरं दिसणार नाही, असं तू म्हणालीस. तुझी धास्ती मला कळते. पण मी आत जाणार. बापाच्या हाताला लागलेलं पीठ ज्या घराला खटकतं, ते घर कसं आहे हे तुला लग्नाआधी कळलेलं बरं. आणि ऋषीला भाजी चिरता येत नसेल, तर त्यालाही आत पाठव, शिकवतो.

तुझी आई फोनवर तुला हो-हो म्हणाली. फोन ठेवून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आचारी आला तर मी जेवणार न्हाई. तुमीच करा. लई येगळं करू नका, पण तुमीच करा."

तेव्हा रविवारी मी कमरेला पंचा गुंडाळूनच दारात येईन. तू सांग, हे माझे वडील, आमच्याकडे स्वयंपाक हेच करतात. तुझ्याच्याने नाही झालं, तर तुझी आई सांगणार आहे.

तुझाच,
आण्णा