हसण्यावारी गेलेला विषय

बाबा,

हे शिकून मी होणार कोण, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही येत नाही. पण काल मला पाहायला आलेल्या मुलाच्या आत्याने विषय विचारला. मी ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “अगं बाई, आधी इथला संबंध तर जुळू दे!” सगळ्यांत मोठ्याने तुम्ही हसलात. वर म्हणालात, “विद्यापीठ काय, सोडेल ती.” घरातली पहिली पदवीधर म्हणून माझी गुणपत्रिका गल्लीभर दाखवणारे तुम्हीच ना?

वर्गात आम्हाला शिकवतात, ज्या देशाची सही नाही त्याला करार बांधत नाही. हे तुमच्या तोंडावर बोलवत नाही, म्हणून लिहितेय, पण हे पत्र तुम्हाला देणार नाही. तुम्हाला तिकडूनच कळेल. आज सकाळी मी मुलाच्या आत्याबाईंना फोन करून नकार कळवलाय.

तरीही तुमचीच,
थोरली